विनोबांची टकळी

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी विणकामावर काहीतरी लिहून द्यावे, असे आपल्या चिटणीसबाईंनी सांगितले. विणीचे नमुने, टाक्यांचे हिशेब, बाळाची टोपडी-मोजे हे तर आपल्यातल्या कितीतरी भगिनींना माझ्यापेक्षा सरस येते. म्हणून ते सोडून मी एका माणसाची हकीकत लिहायला घेतली. हा माणूस जन्मभर सुताच्या संगतीत राहिला. शिवाय सूत कातणाऱ्या बाईच्या हाती दिवसाअखेर काय पडते, हे त्याने स्वतः कातून पाहिले. ते म्हणजे आचार्य विनोबा भावे.

भूदानाचे विनोबा सर्वांना माहीत आहेत. गीताई तर पुष्कळ घरांत पोथीसारखी वाचली जाते. पण टकळी घेऊन बसलेले विनोबा त्या मानाने मागे राहिले. सूत कातणे हे बायकांचे काम, म्हणून लोकांना त्याचे फारसे अप्रूप वाटले नसेल. आपल्याला मात्र ते वाटायला हवे.

विनोबांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी गागोदे या गावी झाला. हे गाव पेण तालुक्यात आहे. तेव्हाचा कुलाबा जिल्हा, आताचा रायगड. नाव विनायक नरहर भावे. आई रुक्मिणीबाई कर्नाटकाकडच्या, त्यामुळे त्यांच्या तोंडी मराठी अभंगांबरोबर कानडी भजनेही असत. त्या मुलाला लाडाने विन्या म्हणत. वडील नरहरपंत नोकरीसाठी बडोद्याला होते. कापड रंगवण्याच्या शास्त्रात त्यांना फार गती होती. ते निरनिराळे रंग तयार करीत, कापडाच्या छोट्या छोट्या तुकड्यांवर चढवून बघत, धुऊन उन्हात टाकून बघत. घरात असल्या रंगीत चिंध्यांचा नेहमी पसारा असे. पुढे विनोबा सुताकडे वळले त्याचे मूळ मी या चिंध्यांत शोधत नाही. पण धाग्यावर रंग का बसतो, का उडतो, हे घरात रोज चाललेले पाहत हा मुलगा वाढला, एवढे खरे.

आईची एक गोष्ट मात्र इथे सांगितलीच पाहिजे. रुक्मिणीबाईंनी एकदा देवाला एक लाख तांदूळ वाहण्याचा संकल्प केला होता. रोज त्या एकेक दाणा मोजून वाहत. नरहरपंत हिशेबी माणूस. त्यांनी सुचवले की एक तोळा तांदूळ घ्यावे, त्यात किती दाणे बसतात ते मोजावे, मग लाखाला किती तोळे लागतील तेवढे तोलून घ्यावे आणि चुकू नये म्हणून वर थोडे टाकावे. रुक्मिणीबाईंना यावर काय बोलावे ते सुचेना. संध्याकाळी मुलगा घरी आल्यावर त्यांनी त्याला विचारले. मुलाने सांगितले की हा गणिताचा प्रश्नच नाही. एकेक दाणा उचलताना देवाचे नाव मनात येते आणि त्यासाठीच ही मोजणी आहे. तेव्हा एकेक करूनच मोजावे. आईला ते पटले.

ही गोष्ट वाचताना मला आपल्या विणकामाची आठवण झाली. सुईवर ऐंशी टाके घातले आणि दोन सुलट, दोन उलट अशी ओळ चालली की मनातल्या मनात जी मोजणी चालू राहते, ती हिशेबाची मोजणी नसते. मन त्या टाक्याला बांधलेले असते. हे ज्याला लहानपणीच कळले, तो पुढे सूत कातायला बसला यात मला नवल वाटत नाही.

शाळेत विनायक हुशार होता, विशेषतः गणितात. पण परीक्षा, पदवी, नोकरी या वाटेवर त्याचे मन नव्हते. एके दिवशी आई चुलीपाशी बसली असताना त्याने आपल्या प्रमाणपत्रांची भेंडोळी करून चुलीत घातली. कधी उपयोगी पडली असती, असे आईने म्हटले. आपल्याला त्यांचा उपयोग होणार नाही, असे त्याने सांगितले. मार्च १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला म्हणून निघालेला हा मुलगा सुरतेलाच गाडीतून उतरला आणि काशीला गेला. तिथे गांधीजींच्या भाषणाची हकीकत त्याच्या वाचनात आली. पत्रव्यवहार झाला, आणि ७ जून १९१६ रोजी तो अहमदाबादजवळच्या कोचरब आश्रमात गांधीजींच्या पुढे उभा राहिला. तेव्हा त्याला एकविसावे वर्ष चालू होते. विनोबा हे नाव त्याला आश्रमातच मिळाले.

आज आपल्याला वाटते की गांधीजी आणि चरखा हे पहिल्यापासून बरोबरच होते. तसे नव्हते. विनोबा आश्रमात आले त्या वेळी तिथे चरखा नव्हताच. हातमाग होते, पण त्यांवर विणायला सूत गिरणीचे आणावे लागे. विनोबा त्या मागांवर विणायला शिकले. म्हणजे त्यांनी आधी विणकाम केले आणि कातणे त्यांच्याकडे मागून आले. हाताने कातण्याची चाल तोवर इतकी मोडली होती की चरखा कुठे मिळेल याचा गांधीजींना पत्ता लागत नव्हता. तो शोध शेवटी एका बाईने लावला. गंगाबेन मजमुदार या विधवा बाई गावोगाव हिंडल्या आणि बडोदे संस्थानातल्या विजापुरात त्यांना घराघरांच्या माळ्यांवर टाकून दिलेले चरखे सापडले. पेळू पुरवणार असाल आणि सूत विकत घेणार असाल तर आम्ही पुन्हा कातू, असे तिथल्या बायकांनी कबूल केले. ज्या बडोद्यात विनोबा वाढले त्याच राज्यात हे चरखे धूळ खात पडलेले होते. सबंध देशाने पुढे ज्या चरख्याचा जयजयकार केला, तो बायकांच्या माळ्यावरून खाली उतरला, हे आपण लक्षात ठेवण्यासारखे आहे.

१९१८ सालच्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत घराघरांतून माणसे गेली. त्याच साली ऑक्टोबरात रुक्मिणीबाई वारल्या. आईच्या वस्तूंपैकी विनोबांनी दोनच वस्तू जवळ ठेवल्या. एक तिच्या पूजेतली अन्नपूर्णेची मूर्ती आणि दुसरी तिची लग्नातली साडी. संन्याशासारख्या राहणाऱ्या या माणसाने ती साडी कित्येक वर्षे उशाला घेतली. रोज रात्री डोके आईच्या साडीवर टेकवायचे. पुढे खादीखेरीज दुसरे वस्त्र वापरायचे नाही असे व्रत घेतले, तेव्हा प्रश्न आला. साडी खादीची नव्हती. विनोबांनी ती साबरमती नदीत नेऊन सोडून दिली.

मी हे वाचले आणि पुस्तक मिटून ठेवले. आईचे लुगडे फाडून त्याची गोधडी शिवणाऱ्या आपण बायका. आपल्याला हे जमले नसते. जमायला हवे होते असेही मला वाटत नाही. आईच्या कपड्याला कसला आला आहे स्वदेशी-परदेशी भेद? पण ज्याला सुताचे एवढे वेड लागले की त्यापुढे आईची शेवटची खूणही पाण्यात सोडता आली, त्याने ते वेड गमतीखातर घेतलेले नव्हते, हे मात्र त्यावरून समजते.

जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून गांधीजींनी वर्ध्याला आश्रमाची शाखा काढली आणि ती सांभाळायला विनोबांना पाठवले. ८ एप्रिल १९२१ रोजी ते वर्ध्यात आले, आणि मधले तुरुंगवास व पदयात्रा सोडल्या तर जन्मभर वर्ध्याचेच झाले. वर्धा म्हणजे कापसाचा मुलूख. आपल्या जालन्यासारखीच काळी जमीन, तशीच पांढरी फुललेली राने, तशाच वेचणीला वाकलेल्या बायका. फरक एवढाच की आपल्याकडचा कापूस गाडीत भरून जिनिंगमध्ये जातो आणि नंतर त्याचे काय होते ते आपण पाहत नाही. विनोबांनी बोंडापासून कापडापर्यंतची एकेक पायरी हाताखालून घातली.

नव्या पोरींना हे ठाऊक नसेल म्हणून थोडक्यात सांगते. आधी कापसातली सरकी काढायची. पाटावर कापूस ठेवून वरून लोखंडी सळई फिरवली की सरकी पुढे निसटते. मग कापूस पिंजायचा, म्हणजे त्याचे तंतू मोकळे होतात. त्याच्या बोटभर जाडीच्या सुरळ्या वळायच्या, त्यांना पेळू म्हणतात. पेळू बिघडला की सूत बिघडलेच. आपण लोकरीच्या लडीचा गुंडा नीट केला नाही तर पुढे विणताना जशी गाठ येते, तसेच. मग कातणे. टकळी म्हणजे पोलादाची एक बारीक काडी, खाली पितळेची चकती आणि वर धागा अडकवायला आकडा. एका हाताने टकळी भिंगरीसारखी फिरवायची आणि दुसऱ्या हातातल्या पेळूतून हळूहळू तार ओढायची. पीळ कमी पडला तर तार तुटते, जास्त झाला तर गुंता होतो. तार हातभर झाली की काडीवर गुंडाळायची आणि पुन्हा ओढायची. चार फुटांची एक तार धरतात. अशा १६० तारांची एक लटी आणि चार लट्यांची, म्हणजे ६४० तारांची, एक गुंडी. एका गुंडीत अडीच हजार फुटांच्या वर सूत असते. एवढे झाल्यावर ते ताण्याला लावायचे, खळ द्यायची, मागावर चढवायचे. तेव्हा कुठे कापड.

चरखा बसून चालवावा लागतो, त्याला जागा लागते, पैसेही पडतात. टकळी पिशवीत मावते. क्रोशाची सुई आपण जशी लग्नाकार्याला, एस. टी.च्या प्रवासात, दवाखान्याच्या बाकावर बरोबर ठेवतो, तशी ती कुठेही नेता येते. गरिबातल्या गरिबाला परवडेल असे हत्यार म्हणून विनोबांचे तिच्यावर विशेष प्रेम बसले. चरख्यापुढे टकळी म्हणजे लहान मुलांचा खेळ, असा तेव्हा पुष्कळांचा समज होता. विनोबांनी ती उजव्या हाताने चालवली, डाव्या हाताने चालवली, वेग मोजला, तारेची मजबुती आणि सारखेपणा तपासला, बसण्याच्या तऱ्हा बदलून पाहिल्या. गणिताची आवड होतीच, ती सगळी इथे कामाला आली. वडिलांच्या रंगाच्या चिंध्या आणि मुलाची टकळी यांत मला इथे साम्य दिसते. एकदा प्रयोगाला हात घातला की त्याचा तळ गाठल्याशिवाय दोघांनाही चैन नसे.

आता मुख्य गोष्ट.

१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली, हे सर्वश्रुत आहे. त्या वर्षाच्या अखेरीस ते वर्ध्याजवळच्या नालवाडी या हरिजनांच्या वस्तीच्या गावी जाऊन राहिले. त्या वेळी अखिल भारत चरखा संघाचे काम देशभर चालू होते. १९२५ साली हा संघ निघाला होता. हजारो बायका त्याच्यासाठी सूत कातीत. खादीवर भाषणे होत, गाणी होत, मोठमोठे पुढारी खादी घालीत. पण ती खादी ज्या सुताची, ते सूत कातणाऱ्या बाईला दिवसभर कातून जेमतेम आणा-दोन आणे सुटत. खादी स्वस्त ठेवायची म्हणजे कातणावळ कमी ठेवायची, असा तो व्यवहार होता. धुणे-भांडी करून, उरलेल्या वेळात बाई कातते, तिला तेवढे पुष्कळ झाले, असे म्हणणारे त्या वेळीही होते.

विनोबांनी वाद घातला नाही. ते स्वतः कातायला बसले. चरखा संघाच्या दराने आपल्या सुताचे जेवढे पैसे होतील तेवढ्यातच आपला खर्च भागवायचा, असा त्यांनी नियम केला. दिवसाचे आठ-आठ तास कातणे चाले. हात चालू असताना ते शिकवीत, आलेल्यांशी बोलत. पण कातणे थांबत नसे. एवढे कसबी हात, एवढी एकाग्रता, आणि तरी दिवसाचे पैसे दोन आण्यांच्या आसपासच होत. दोन आणे म्हणजे रुपयाचा आठवा हिस्सा. एकट्या माणसाचे साधे जेवण त्यात कसेबसे बसे. देशातल्या उत्तम कातणाऱ्यांत गणना व्हावी अशा माणसाची ही कथा. मग खेड्यातल्या मधल्या हाताच्या बाईचे काय होत असेल, हे कोणी वेगळे सांगायला नको होते.

गांधीजींनाही हा प्रश्न छळत होता. कातणाऱ्या बाईला पोटापुरती मजुरी मिळालीच पाहिजे, मग खादी महाग झाली तरी चालेल, असा आग्रह त्यांनी धरला. खादी खपणार नाही, काम बुडेल, अशी भीती पुष्कळ कार्यकर्त्यांनी घातली. शेवटी १९३५ साली चरखा संघाने कातणावळीचे किमान दर ठरवण्याचा निर्णय घेतला, आणि आठ तासांच्या चांगल्या कामाला तीन आण्यांपर्यंत मजुरी नेण्यात आली. तीन आणे म्हणजे काही सोन्याची नाणी नव्हेत. गांधीजींच्या मनात याहून बरेच जास्त होते. पण बाईच्या हातकामाला किमान मोल ठरवून द्यावे लागते, ते तिच्या मिनतवारीवर सोडून चालत नाही, हे यात मान्य झाले. त्या मागे भाषणे करणारे अनेक होते. दिवसभर कातून, त्याच दरावर जेवून बघणारे फार थोडे होते.

या ठिकाणी मला एक सांगावेसे वाटते. विनोबांचे आठ तास आणि आपले आठ तास यांत अंतर आहे. त्यांच्या मांडीवर लेकरू नव्हते. तार ओढताना दूध उतू जात नव्हते, दारात पाहुणा उभा राहत नव्हता, सासऱ्यांना औषध देण्याची वेळ होत नव्हती. बाईचे आठ तास म्हणजे पाव पाव तासाच्या बत्तीस चिंध्या. त्या जोडून ती सूत काढते. म्हणून विनोबांना जे दोन आणे मिळाले, ते तिला तेवढ्याच कसबाने मिळाले नसते. हा प्रयोगातला दोष आहे असे मी म्हणत नाही. परंतु हिशेब करताना तेवढे तिच्या बाजूला धरायला हवे.

आणि आपले तरी काय? आपल्या भगिनी संक्रांतीला, दिवाळीला विणलेले स्वेटर, तोरणे, रुमाल विक्रीला मांडतात. किंमत सांगताना लोकरीचे पैसे धरतात, सुयांचे धरतात, फार तर बटणांचे. पंधरा दिवस दुपारी डोळे ताणून घातलेल्या टाक्यांचे पैसे विचारले तर लाजतात. घरी बसूनच केले, असे म्हणतात. गिऱ्हाईक त्यातही घासाघीस करते आणि बहुधा तेही आपल्यासारखीच एखादी बाई असते. निदान एकदा घड्याळ समोर ठेवून एक स्वेटर विणावा, तास लिहून ठेवावेत आणि शेतातल्या रोजंदारीच्या दराने त्याला गुणावे. येईल तो आकडा कोणी देणार नाही, हे मलाही कळते. पण निदान आपल्याला तो माहीत असावा.

नालवाडीच्या कष्टांनी विनोबांची प्रकृती ढासळली. वजन ८८ पौंडांवर आले, म्हणजे चाळीस किलो. गांधीजींनी विश्रांतीसाठी हवेच्या ठिकाणी जाण्याचा हुकूमच केला. विनोबांनी जागा निवडली ती वर्ध्यापासून थोड्या अंतरावरची, धाम नदीच्या काठचे पवनार. ७ मार्च १९३८ रोजी ते तिथे राहायला गेले. कुदळ घेऊन खणायला लागले, मोकळ्या हवेत राहिले आणि प्रकृती सुधारली.

त्याच्या आदल्या वर्षी, १९३७ साली, वर्ध्यात शिक्षणपरिषद भरली होती. मुलांना पुस्तकाबरोबर हाताचा एखादा उद्योग शिकवावा आणि त्या उद्योगातूनच बाकीचे विषय शिकवावेत, ही नई तालीमची कल्पना तिथे मांडली गेली. तिचा आराखडा करायला झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तिच्यात विनोबा होते. टकळीवरून शाळा कशी चालेल, असे तेव्हा पुष्कळ जण हसत. विनोबांनी कातण्यावर पाठ्यपुस्तकच लिहिले. तारा मोजताना अंकगणित येते, कापूस कुठे पिकतो ते सांगताना भूगोल येतो, गिरण्यांनी कारागिरांचे काय केले ते सांगताना इतिहास येतो. आपल्या वेळी शाळेत टकळीचा तास असे त्याचे मूळ इथे आहे, असे आमच्या आधीच्या पिढीतल्या बायका ऐकल्या की कळते. त्यांतल्या काहींच्या तोंडी त्या तासाचा कंटाळाही असतो. कंटाळलेल्या मास्तरांनी शिकवले तर टकळीही कंटाळवाणी होणारच; त्याला विनोबा काय करणार?

ऑक्टोबर १९४० मध्ये वैयक्तिक सत्याग्रह सुरू करायचा ठरला, तेव्हा पहिला सत्याग्रही म्हणून गांधीजींनी विनोबांना निवडले. देशात मोठमोठी नावे असताना हे कोण विनोबा, असे लोक विचारू लागले. तेव्हा गांधीजींनी आपल्या हरिजन पत्रात त्यांची ओळख करून दिली. त्या ओळखीत संस्कृतचा व्यासंग आला, आश्रमातले झाडलोटीपासून स्वयंपाकापर्यंतचे काम आले, आणि कातण्याला तर फार मोठी जागा मिळाली. टकळीच्या कताईत विनोबांनी क्रांती केली आहे आणि निर्दोष कातण्यात बहुधा सबंध हिंदुस्थानात त्यांना जोड नसेल, अशा अर्थाचे गांधीजींनी लिहिले. साम्राज्याशी लढायला निघालेल्या माणसाची लायकी सांगताना तो सूत चांगले काततो हे सांगावे, असे जगात दुसरीकडे कुठे घडले असेल असे वाटत नाही. १७ ऑक्टोबरला पवनारला भाषण करून त्यांनी सत्याग्रह केला आणि पुढे अनेकदा तुरुंग पाहिला.

गांधीजी गेल्यावर १२ फेब्रुवारी १९४८ रोजी पवनारला धाम नदीत त्यांच्या अस्थींचे विसर्जन झाले. तेव्हापासून त्या दिवशी तिथे मेळा भरू लागला. मेळ्याला येणाऱ्याने पैसा, फुले, नारळ काही न आणता स्वतःच्या हाताने कातलेली सुताची एक गुंडी आणावी, असे विनोबांनी सुचवले. तिला सूतांजली म्हणतात. श्रीमंताचीही एकच आणि गरिबाचीही एकच. जास्त आणली म्हणून मोठेपणा नाही, आणि विकत आणलेली चालत नाही. म्हाताऱ्या बाया पदराखालून गुंडी काढून ठेवत, पोरे शाळेत कातलेली आणत. मताची चिठ्ठी टाकावी तशी ही गुंडी, असा विनोबांचा भाव होता.

पुढच्या विनोबांची हकीकत सर्वांस ठाऊक असल्याने लांबवीत नाही. मार्च १९५१ मध्ये ते पवनारहून पायी निघाले ते हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीच्या संमेलनाला. जालना त्या वेळी हैदराबाद राज्यातच होते. आपला जिल्हा वेगळा झाला तो फार पुढे, १९८१ साली. संमेलनानंतर ते तेलंगणाच्या अशांत भागात हिंडू लागले आणि १८ एप्रिल रोजी पोचमपल्लीला आले. तिथल्या हरिजन कुटुंबांनी पोटासाठी ८० एकर जमीन मागितली आणि रामचंद्र रेड्डी यांनी १०० एकर देऊ केली. भूदान तिथे सुरू झाले. पोचमपल्ली हे नाव आज आपल्याला साडीच्या दुकानात ऐकू येते. धागा आधी बांधून, रंगवून मग मागावर चढवण्याची ती नक्षी. विणकरांच्या त्या गावातच विनोबांना पहिली जमीन मिळावी, हा योगायोग मला गोड वाटतो. त्यानंतर तेरा वर्षे हा माणूस देशभर पायी फिरला. १९५८ साली पंढरपुरात त्यांनी निरनिराळ्या धर्मांच्या सोबत्यांसह विठ्ठलाचे दर्शन घेतले.

त्यांनी मांडले तसे सगळे घडले, असे नाही. घरोघर चरखा चालेल आणि गावाचे कापड गावात होईल, हे झाले नाही. अंबर चरखे आले, टकळी मागे पडली. गिरणीच्या कापडापुढे खादी सणावाराची झाली आणि नंतर नायलॉन, टेरीकॉटने दोघांनाही मागे सारले. आपल्या जालन्याच्या भोवती एवढा कापूस पिकतो, पण हाताने सूत काढणारी बाई शोधूनही सापडायची नाही. वेचणाऱ्या मात्र पुष्कळ आहेत. त्यांना किलोवर पैसे मिळतात आणि त्या दरावरून दरवर्षी बांधावर वाद होतो. १९३५ साली जो प्रश्न विनोबांनी मांडीवर घेतला तो चातीवरून उठून बांधावर जाऊन बसला आहे, असे मला वाटते.

२५ मार्च १९५९ रोजी विनोबांनी पवनारला ब्रह्मविद्या मंदिर स्थापन केले, ते मुख्यतः स्त्रियांसाठी. साधना करायला बायकांनी कोणाची परवानगी मागू नये, आपला कारभार आपण पाहावा, असे त्यांचे म्हणणे होते. तिथे महंत नाही, गुरूची गादी नाही. सगळ्या जणी मिळून विचाराने निर्णय घेतात आणि शेती, स्वयंपाक, झाडलोट हाताने करतात.

पायी फिरणे संपल्यावर विनोबा पवनारलाच राहिले. नोव्हेंबर १९८२ मध्ये आजार वाढला तेव्हा त्यांनी अन्न, पाणी आणि औषध घेण्याचे थांबवले, आणि १५ नोव्हेंबर रोजी, दिवाळीच्या दिवसांत, देह ठेवला. वय ८७ होते. पुढच्या साली भारतरत्न दिले गेले. वर्ध्याला कामानिमित्त जाणे झाले तर सेवाग्रामबरोबर पवनारही करावे. धाम नदीच्या काठी उंचावर आश्रम आहे आणि नदीला पाणी असले तर घाटावर उतरता येते.